मास्क काढा

साफसफाईच्या मावशीला अख्खं रुग्णालय ‘तोफ’ म्हणायचं. पाठीमागे, अर्थात, समोर म्हणायची कोणाची छाती? वेगळ्या ठेवलेल्या रुग्णाच्या खोलीचं दार कोणी बोटभर जरी उघडं ठेवलं, तरी तिचा आवाज पार तळमजल्यापर्यंत पोचायचा. “दार लावा! इथे हवा खायला आलात का?”

त्या दुपारी ती गोवर झालेल्या तरुणाच्या खोलीत फरशी पुसत होती. अंगात गाऊन, हातात मोजे, तोंडावर घट्ट मास्क. डॉक्टर आले, पण मास्कच्या कपाटाची किल्ली मावशीकडे. घाईत सिस्टरने काचेवर टकटक केली. “मावशी, मास्क काढा!”

जगाशी हुज्जत घालणारी ही बाई सिस्टरचा शब्द मात्र खाली पडू देत नसे. तिने काढला. तोंडावरचा. आणि नेमका तेव्हाच तो तरुण खोकला.

“अहो, तो नव्हे! कपाटातला!” सिस्टर किंचाळली.

तोफेचा आवाजच बसला. बाहेर येऊन तिने कातडी लाल होईस्तोवर हात धुतले.

“लहानपणी गोवर आला होता?” सिस्टरने विचारलं.

“काय ठाऊक. आम्ही सात भावंडं. कोणाला काय झालं, ते आईलाही सांगता यायचं नाही.”

“लस?”

“मला बघून सुयाच पळायच्या.”

कोणी हसलं नाही. घरी वीस दिवसांची नात होती. तिच्या लसीला अजून कितीतरी महिने होते.

रक्त तपासायला गेलं, अहवाल दोन दिवसांनी. तिने सुनेला फोन लावला. “दोन दिवस इथेच राहते.”

“का हो आई? कोणाशी वाजलं का?”

“गोवर,” ती पुटपुटली.

पलीकडून बारीक आवाज, “सकाळी हिला घेतलं होतं तुम्ही...”

“हे दुपारचं गं. दुपारचं. सकाळचं नाही.” सुनेला सांगत होती की स्वतःला, देव जाणे.

दोन दिवस ती आरशात कानामागे पुरळ शोधत राहिली. पुरळ इतक्यात उठत नाही, हे सिस्टरने दहादा सांगूनही. शिंक आली की पुन्हा आरशाकडे धावायची.

अहवाल आला. “तुम्हाला पूर्वीच होऊन गेलाय, मावशी. आता नाही व्हायचा,” म्हणत आधी सिस्टरच रडली.

घरी सुनेने बाळ पुढे केलं. “घ्या की आई, आता कसली भीती?”

तिने घेतलं, पण श्वास रोखून.