माझी गाय, मच्छिंद्राच्या मनात

आमच्या मच्छिंद्राइतका भित्रा माणूस राहुरी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका स्थिर हातही नाही. तीस वर्षं त्याने रोपवाटिकांमध्ये आंब्याची कलमं बांधली. त्याने बांधलेलं कलम वाळलं, असं मी तरी ऐकलं नाही. पण हातातलं पातं खाली ठेवलं की याच्या छातीत धडधड सुरू. विहिरीवरची मोटार बंद केली का, हे बघायला तीनदा माघारी जायचा. एसटीत कायम ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचा. ड्रायव्हरला डुलकी लागली तर उठवायला कुणीतरी नको का? एकदा बिचाऱ्याने नुसती जांभई दिली, तर याने त्याला खांद्याला धरून हलवला. अख्ख्या गाडीच्या शिव्या खाल्ल्या.

अशा माणसाला ऑपरेशन सांगितलं. एक डोळा लहानपणीच उसाचं पातं लागून गेलेला, आणि उरलेल्यात मोतीबिंदू. माझा चेहरासुद्धा त्याला धुरातून बघितल्यासारखा दिसायचा. ऑपरेशन साधं, पण माणूस जागा असतो. डोळा हलवायचा नाही, आणि बीपी वाढलेलं चालत नाही.

त्याची लेक दिपाली नगरला सावेडीत राहते, शाळेत शिकवते. तिने बापाला समोर बसवून सांगितलं, "अप्पा, घाबरं झालं की डोळे मिटा. जिथं तुम्हाला शांत वाटतं ती जागा मनात आणा. तिथला वास, तिथला आवाज, सगळं."

मच्छिंद्राने आधी भंडारदऱ्याचं पाणी मनात आणलं. लगेच मनात आलं, धरण फुटलं तर? मग देऊळ आणलं. तर आत हात जोडायच्या आधी बाहेरच्या चपलांची काळजी. आणि एका सकाळी तो माझ्या गोठ्यात आला, मैनेपुढे उपड्या बादलीवर बसला, आणि तासभर हलला नाही.

"रंभाजी, हिचं रवंथ बघितलं का? घाई म्हणून न्हाई. मला माझी जागा घावली गड्या."

मैना म्हणजे माझी गावरान गाय. तिची आई ती चार दिवसांची असताना गेली. मी बाटलीने दूध पाजून तिला वाढवली. थंडीत तिच्या अंगावर माझी घोंगडी. आणि त्याची परतफेड काय, तर दूध काढताना आठवड्यातून एकदा लाथ. मला तिने कधी चाटलं नाही. मच्छिंद्राला मात्र तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत चाटलं! त्याची चाहूल लागली की कान उभे. मी वैरण टाकली तर वैरणीकडे बघायची, माझ्याकडे नाही.

माझी बायको चांगुणा म्हणाली, "अवो, सवत आल्यागत काय बघताय त्याच्याकडं?"

"मी कशाला बघू?"

"मग त्यो आला की खराटा घेऊन नेमकं तिथंच का झाडता?"

एके दिवशी तो डोळे मिटून बसला होता, मैना त्याच्या मांडीवर तोंड ठेवून रवंथ करत होती. माझ्याने बघवलं नाही. खराटा आपटून ओरडलो, "ऊठ! तुझ्या बसण्यानं गाय आटली माझी. दोन लिटर दूध कमी झालं."

दूध एक थेंबही कमी झालं नव्हतं. पण तो मच्छिंद्र! त्याला ते खरंच वाटलं. तोंड पाडून गेला, तो पुन्हा आला नाही.

आठ दिवसांनी नगरहून तसाच परत आला. डोळ्याला पट्टी नाही. टेबलावर घेतल्यावर बीपी दोनशेवर गेलं, डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी या. दिपाली पायरीवर डोळे पुसत होती. मी विचारलं, "अरे, मैना मनात आणायची ना!"

"आणली की. आली, बसली, रवंथ सुरू केलं. मग तू आलास. खराटा घेऊन. म्हनलास, ऊठ." तो कसंनुसं हसला. "दर खेपंला येतोस. कलम धरलंय ते, आता सुटायचं न्हाई."

म्हणजे बघा, एका माणसाचा उरलेला डोळा माझ्या खराट्यापायी अडला होता. मी तिथेच खाली बसलो. "मच्छिंद्र, दूध कमी झालं न्हवतं. जळलो मी तुझ्यावर."

"माझ्यावर?" तो माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिला. "माझ्यावर कुनी जळावं असं हाय तरी काय माझ्यापाशी?" आणि सांगायची गंमत म्हणजे, त्या दिवशी तो भलताच खूश होता. येईल त्याला सांगत सुटला, रंभाजी माझ्यावर जळतो.

पण खराट्याचं काय करायचं? तोड त्यानेच काढली. "तू मनातनं जायचा न्हाईस. मग निदान चहा घेऊन ये."

पंधरा दिवस रोज सकाळी मी त्याला हाताला धरून गोठ्यात आणला, बादली उपडी घातली, आणि आल्याचा चहा हातात दिला. ओरडायचं नाही, झाडायचं नाही. मैना त्याला चाटायची आणि मी दात आवळून "घे, गरम हाय" म्हणायचो. एवढा चहा मी चांगुणेला जन्मात दिला नाही, हे तिने रोज ऐकवलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी दिपालीबरोबर बाहेर बाकावर बसलो होतो. अर्ध्या तासात मच्छिंद्र डोळ्यावर हिरवं फडकं बांधून बाहेर आला, चेहरा निवांत. दिपालीने बापाचा हात धरून आधी बीपीच विचारलं. नर्स म्हणाली, "एकशे तीस. मधेच कुणालातरी चहा ठेव म्हणत होते."

म्हणजे आलो मी, आणि नीट आलो. तरी राहवलं नाही. त्याला रिक्षात बसवताना हळूच विचारलं, "मच्छिंद्र, खरं सांग. मैना कुनाकडं बघत हुती?"

खोटं बोलायला धाडस लागतं, ते त्याच्यापाशी कधीच नव्हतं.

"माझ्याकडं," म्हणाला. "पर चहा लई झ्याक झाला हुता गड्या."