मोरीचे फोरमन

मोरी तुंबली की आमच्या घरात एकाच माणसाला आनंद व्हायचा, माझ्या नवऱ्याला. पाणी घोट्याला लागलेलं, खरकटी भांडी तरंगताहेत, आणि हे लेंगा गुडघ्यावर चढवून बोहल्यावर चढल्यासारखे पुढे यायचे. "गो, बाजूला हो. हे बायकांचं काम नाय." एरवी मोरीतली सगळी कामं बायकांचीच होती, ते सोडा.

पेणमधली आमची सगळी रामवाडी त्यांना फोरमन म्हणायची. हे नाव त्यांनी स्वतःच रोह्याहून आणलं होतं. तिथल्या एका कंपनीत ते तीस वर्षं होते. "आमच्या कंपनीत माणूस आत शिरंल एवढाले पाइप. ही तुमची मोरी म्हणजे काय!" मी बरीच वर्षं मान डोलावली. त्यांच्या निरोपाच्या समारंभाला गेले तेव्हा कळलं, हे पॅकिंगमध्ये खोक्यांना पट्ट्या मारायचे. पाइपाशी संबंध एवढाच, की दुपारी त्यावर बसून डबा खायचे. परत येताना एसटीत मी विचारलं, तर म्हणाले, "बघून बघून पण शिकतो माणूस."

प्लंबरचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. त्यांची पद्धत ठरलेली. आधी जमिनीला कान लावायचा. "पाणी बोलतं. ऐकणारा पायजे." मग बांबूची लांब काठी पाइपात घालून ढकलायची. अडकलेलं ओढून बाहेर काढावं, हे त्यांना कधी पटलं नाही. ढकलता ढकलता एकदम पाणी उतरायचं आणि हे ओरडायचे, "गेला!" गेला तो कुठे गेला? पुढच्या घराखाली. पुढचं घर सुमनचं आणि दोन्ही मोऱ्यांचा पाइप एकच. संध्याकाळी सुमनची मोरी तुंबायची. मग हे काठी खांद्यावर टाकून तिच्याकडे जायचे आणि वर तिचा चहा पिऊन यायचे.

सुमन एकटी बाई. एका कारखान्यासाठी घरी शाडूचे गणपती करायची. तिची वर्षाची चूल त्यावर पेटायची. त्या वर्षी पाऊस हटत नव्हता, मूर्ती सुकत नव्हत्या, आणि कारखान्याचा टेम्पो पंधरा दिवसांवर आला होता. मी हाताखाली जायची. एक दिवस तिच्याकडची मातीची घमेली धुवायला घरी आणली. शाडूचं पाणी मोरीत ओतत नाहीत, निवळू देतात आणि खालचा गाळ परत मातीत घालतात, हे पेणमधलं शेंबडं पोरही सांगेल. मी कंटाळा केला आणि ओतलं. तीन दिवस ओतलं.

चौथ्या दिवशी मोरी तुंबली. फोरमननी काठी घातली, बाहेर काढली, टोकाचा पांढरा चिखल बोटांत चोळला, हुंगला. "सिमेंट हाय. त्या नव्या बिल्डिंगवाल्याचं." मी नेहमीसारखी मान डोलावली. त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि रबरी पंप मारायला लागले. पाणी भसकन उतरलं. "गेला!"

तेवढ्यात पलीकडून सुमनची किंकाळी आली.

तिच्या मोरीतून कारंजं उडालं होतं आणि घाण पाणी थेट जमिनीवर मांडलेल्या ओल्या गणपतींच्या फळ्यांवर चढलं होतं. कच्च्या शाडूला बुडाशी पाणी लागलं की संपलं. आम्ही मिळेल ती मूर्ती उचलून खाटेवर, माळ्यावर, चुलीच्या ओट्यावर ठेवली. तरी सात गणपतींचं घरच्या घरीच विसर्जन झालं.

"भावजी, आता टेम्पोत काय घालू? तुमची काठी?" सुमन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन तिच्या दारात जाऊन बसले. म्हणाले, "काय करायचं सांग." तिने मातीचा ढीग पुढ्यात लोटला. "मळा. अक्कल नका लावू." आणि त्यांनी मळली. आठ दिवस, कमरेत उसण भरेपर्यंत. टेम्पो आला तेव्हा एक गणपती कमी नव्हता. चुकीबद्दल मात्र ते शेवटपर्यंत त्या बिल्डिंगवाल्याला शिव्या देत राहिले आणि मी त्यांना देऊ दिल्या.

मागच्या वर्षी ते गेले. तेराव्याला माणसं उठल्यावर सुमन भांडी आवरायला थांबली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "सुमन, तो शाडू मी ओतला होता गो."

"ठाऊक हाय, वहिनी. तुमच्या मोरीत शाडू काय आभाळातून पडला?"

"मग तेव्हा बोलली का नाय?"

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं.

"बोलले असते तर मळायला तुम्ही आल्या असत्या. तुमच्या हातची माती सुकली की फुटते. त्यांची नाय फुटायची."

दिवसभर लोक त्यांच्याबद्दल बरंच काही चांगलं बोलून गेले होते. त्यातलं खरं एवढं एकच होतं.