थेटरात आमचे हे मोठ्यानं बोलले त्याची गोष्ट

हे पत्र जरा डोळ्यांजवळ धर गं, आणि आधी माझी बोलणी खा. निपाणीहून वडगावला यायला काय बोटीत बसावं लागतंय? थोरल्या बहिणीच्या घरात एवढं रामायण झालं आणि तू परस्पर ह्याला त्याला विचारतेस. लेकीचं स्थळ तू आणलेलंस, म्हणून तोंड लपवून बसलीस, एवढं कळतं मला. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही. चाळीस वर्षं घरात विजेवरचे माग खडखडतायत, कान कुठले राहणार? म्हणून लिहूनच सांगते.

लेक पुण्याहून दोन दिवसांसाठी म्हणून आली, ती महिना झाला तरी जाईना. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसायची. जावयाचा फोन आला की गच्चीवर जायची, पुढं पुढं फोन येणंच थांबलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आणि आमचे हे गल्लीभर सांगत सुटले, "जावईबापू लई कामात हाईत." कुणी न विचारता सांगायचे, म्हणजे बघ. दिल्या घरी नांदायचं, हे एकच त्यांनी तिला लहानपणापासून पढवलेलं.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "आप्पा, चला, सिनेमाला जाऊ. घरगुती आहे." घरगुती म्हटल्यावर ह्यांना वाटलं, सासू-सुनेचं भांडण, एक डोहाळजेवण, आणि शेवटी सगळे हसत फोटोला उभे. इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी पिशवीत चिवडा घेतलेला, तो थेटराच्या दारावरच्या पोरीनं काढून ठेवायला लावला.

सिनेमा कन्नड. नवरा-बायको दोघंच, आणि भलंमोठं घर. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. नुसते गप्प. तो पेपर वाचतोय, ती पुसलेलीच ताटं पुसतेय. आमच्या घरात एवढी शांतता झाली की एकच अर्थ, करंट गेला. ह्यांनी मला विचारलंसुद्धा, "मशीन बिघडलं काय गं ह्यांचं?"

माग चालू असताना आम्ही कसं बोलतो, ते तुला माहीत आहे. हातानं खुणा करायच्या, ओठांकडं बघायचं, नाहीतर ओरडायचं. हळू बोलणं ह्यांना येतच नाही. मी तोंडावर बोट ठेवून खूण केली. अंधारात ती माझी मलाच दिसली नाही.

पडद्यावर ती बाई भरलेली बॅग घेऊन दारात उभी. जावं तर कुठं, हे तिला कळेना. सगळं थेटर श्वास रोखून बसलेलं. आणि आमचे हे, चार मागांच्या पलीकडं हाक मारावी तसे ओरडले, "अगं, आईबाप मेल्यात काय तुझं? जा की घरला! तुझंच घर हाय न्हवं!"

पुढच्या रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी कन्नडमधून, गप्प बसा म्हणून दटावलं, "अज्जा, सुम्मनिर्री!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीकडं बघितलं, तर ओढणीत तोंड खुपसून तीही हसत होती. निदान मला तसं वाटलं. तिचा हात हातात घेतला, तर ओला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माग चालू करून उभे होते. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मी दारातून तिचे ओठ तेवढे बघितले. "आप्पा, आमच्याकडंबी तसंच हाय. मला परत जायाचं न्हाय." शेजाऱ्यांना अक्षर ऐकू गेलं नाही. अशा कामाला माग बरे. ह्यांनी कापडावरनं हात फिरवला आणि ओरडले, "ती सिनेमातली बाई हाय! तिला सांगायला माझं काय जातंय?"

"मग मला सांगा की!" तीही ओरडली. शेवटी लेक कुणाची?

ह्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि नेमका त्याच क्षणी करंट गेला. चारी माग गप्प. आणि गल्लीच्या टोकापर्यंत ह्यांचा आवाज गेला, "ऱ्हा की मग! कोण जा म्हणतंय तुला?"

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "कोण ऱ्हातंय वो अण्णा?"

आता शब्द मागं कसा घेणार? ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. "माझी लेक," म्हणाले. "आणि जावईबापू कामात न्हाईत."

महिनाभर मी घरात जे बोलू शकले नाही, ते वीजमंडळानं एका दणक्यात ह्यांच्याकडून वदवून घेतलं. कोर्टकचेरीचं पुढं काय ते होईल. लेक पोटभर जेवायला लागलीय, आणि हे अजून म्हणतात, सिनेमा काही घरगुती नव्हता.

तर बाई, स्थळ तू आणलंस, जावयाचं मौन काय तू पदराला बांधून आणलं नव्हतंस. लेक रोज विचारते, मावशी का येत नाही? आता सिनेमातल्यासारखी गप्प बसू नको. ये लवकर. रडायला नको, जेवायला ये. आणि दारातून हाका मारत उभी राहू नकोस, ऐकू येणार नाहीत. सरळ आत ये.