अण्णांची दोन बिलं

अण्णा लेखी मागणी कधीच देत नसत. मोडलेला पार्ट ग्रीससकट आणून माझ्या टेबलावर, चहाच्या कपाला अगदी खेटून ठेवत आणि म्हणत, "ह्योच आमचा अर्ज. सही कुटं करू?" शिरढोणचे हे गृहस्थ पनवेलजवळच्या आमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्सचे फोरमन होते. मी अकाउंट्सचा, खांदा कॉलनीतून इस्त्रीचा शर्ट घालून येणारा. सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मग मालक बदलले आणि नियम आला: दहा हजारांवरच्या खरेदीला तीन कोटेशनं आणि हेड ऑफिसची मंजुरी. तोवर अण्णा मोटरसायकलवरून पनवेलच्या बाजारात जात, वस्तू घेऊन येत, बिल मागाहून येई. "मशीन काय कोटेशनं बगून बिगारतं?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये प्लान्ट हेडना विचारलं. साहेब हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

त्याच वर्षी पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसचा सेन्सर गेला. माणसाचा हात आत असला की प्रेस थांबवतो, तो सेन्सर. किंमत अठरा हजार. आमची मागणी दोनदा परत आली. एकदा तिसरं कोटेशन नाही म्हणून, एकदा निकड स्पष्ट होत नाही म्हणून. प्रॉडक्शनवाले प्रेस बंद ठेवायला तयार नव्हते. अण्णा दिवसभर प्रेसपाशीच उभे राहू लागले, डबासुद्धा तिथेच खायचे. मला म्हणाले, "सायेब, हात तुटायला कुनाची मंजुरी लागत नाय ना?"

मला राहवलं नाही. "अण्णा, नऊ-नऊ हजारांची दोन बिलं करून आणा. मी पास करतो," मी म्हटलं. सगळीकडे करतात तसंच. दुसऱ्या दिवशी सेन्सर बसला.

ऑडिटवाल्यांना एकाच दुकानाची, एकाच तारखेची, लागोपाठच्या नंबरांची ती बिलं सापडली. चौकशीत मी अण्णांच्या शेजारीच बसलो होतो. मी म्हणालो, "माझ्या लक्षात आलं नाही." मग चौकशीवाल्यांनी अण्णांना विचारलं, ही युक्ती कुणाची? अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माजीच," म्हणाले. मला ताकीद मिळाली, त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

गेटवर मी माफी मागायला गेलो. "तुमी बोलला असता तर दोगं गेलो असतो," अण्णा म्हणाले. "जा, कामाला लागा." मोटरसायकल सुरू केली आणि गेले. त्यांच्या घरी जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्यांच्या जागी आलेला इंजिनिअर सज्जन आहे, मागण्या पोर्टलवर नीट भरतो. लहान प्रेसचा सेन्सर दीड महिना बंद आहे. मागणी हेड ऑफिसला अडकली आहे. काय करायचं ते मी त्याला सांगू शकतो. सांगत नाही. त्या प्रेसवर काम करणाऱ्या माणसाची गाठ पडू नये म्हणून मी हल्ली कॅन्टीनला लांबच्या वाटेने जातो.