तिजोरीची दुसरी किल्ली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी विचारलं, "साहेब, कुठली केस डोक्यातून जात नाही?", तर मला एका किल्लीची केस आठवते. त्यात रक्त सांडलं नव्हतं की रुपया चोरीला गेला नव्हता. तरी ती गेली नाही डोक्यातून.

आधी एक कबूल करतो. आम्हा पोलिसांच्या पोटात बँकवाल्यांबद्दल कायम दुखायचं. आम्ही बंदोबस्तात उन्हात उभे आणि हे एसीत खुर्चीवर. दिवाळीला आम्ही रस्त्यावर आणि हे घरी चकल्या खात. माझ्या हवालदाराचा साडू बँकेत होता. त्या साडूचं नाव निघालं की हवालदार हातातला चहा अर्धा टाकून उठायचा. "साहेब, त्यो माणूस बटणं दाबून दमतो म्हनं! बायकू पाय चेपती त्याचं!" आम्ही हसायचो, पण मनातून सगळ्यांना तेच वाटायचं. आपलं पोरगं बँकेत लागावं, खाकीत नको.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराने आवाज दिला, "साहेब, फोन." आमचा तो जुना लँडलाइन, नंबर दिसायची सोय नाही. पलीकडून तोंडावर फडकं धरल्यासारखा आवाज आला.

"बँकंच्या मॅडमनं तिजोरीची किल्ली घालवली. घालवली का कुणाला दिली, ते तुमी बघा. न्हायतर गावाचं सोनं जाईल."

एवढं बोलून फोन ठेवला. बँक उघडायला अजून अवकाश होता. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली. हवालदाराचा चेहरा खुलला. "म्हणलं नव्हतं साहेब? खुर्चीत बसून बसून माणूस असलं धंदं करतो."

नोंदीची शाई वाळली नसेल, तोवर त्या शाखेचे मॅनेजर धापा टाकत ठाण्यात हजर. तिजोरीची एक किल्ली गहाळ झाल्याची तक्रार द्यायला आले होते. त्यांना स्वतःला ही गोष्ट नुकतीच, शाखेत आल्यावर समजली होती. मग फोन करणाऱ्याला त्यांच्या आधी कशी समजली? हा प्रश्न मी मनात ठेवला आणि जीप काढली.

बँकेच्या तिजोरीचं एक साधं तत्त्व असतं. तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. एकाने आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली, तर देणारा आणि घेणारा, दोघांवरही घरी बसायची पाळी येऊ शकते. या शाखेत एक किल्ली हेड कॅशियरकडे होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस, जवळच्याच वरकुटे गावचा, सगळा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचा. दुसरी किल्ली एका तरुण अधिकारी बाईंकडे. या मूळच्या बारामतीजवळच्या जळोचीच्या, लग्न व्हायचं होतं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. हरवली ती मॅडमची किल्ली.

बारामतीच्या शाखेत ठेवलेली जादा किल्ली मागवली, पंचांसमक्ष तिजोरी उघडली. रोकड बरोबर, सोन्याची पाकिटं बरोबर. मी चक्रावलो. किल्ली चोरायची आणि तिजोरीला हात लावायचा नाही, हा कुठला चोर? रजिस्टर पाहिलं, तेही चोख. कॅमेऱ्याचं यंत्र बंद होतं, दुरुस्तीवाला पुण्याहून येणार होता म्हणे. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "मी चहा आणायला गेलतो." कधीही विचारा, शिपाई चहाच आणायला गेलेला असतो.

एवढ्यात मॅनेजरच्या केबिनमधला टीव्हीचा पडदा उजळला. वरच्या कार्यालयातल्या साहेबांची रोजची व्हिडिओ मीटिंग. मला वाटलं, आता किल्लीवरून आग पाखडणार. पण साहेब म्हणाले, "किल्लीचं नंतर बघू. आधी कालचे आकडे." पडद्यावर यादी आली. विम्याच्या पॉलिसी कुणी किती विकल्या, त्याची. सगळ्या शाखांच्या सगळ्या माणसांची नावं, वरून खाली. सर्वांत वर मॅडमचं नाव होतं, आणि तळाला लाल रंगात भाऊसाहेबांचं.

"भाऊसाहेब," पडद्यातून आवाज आला, "तुमच्या लेकीच्या वयाची आहे ती. तिच्याकडून शिका जरा. नाहीतर राजीनामा द्या आणि मेंढरं राखा."

केबिनमध्ये आम्ही सगळे उभे होतो. भाऊसाहेब हसले. मी आयुष्यभर हसणारी माणसं पाहिलीत, पण असलं हसू मी फक्त कोठडीत पाहिलं होतं. मग साहेबांनी त्याच दमात सांगितलं, "मॅडम, अभिनंदन. आणि उद्या आम्ही येतोय, किल्ली सापडली नसेल तर निलंबनाची ऑर्डर बरोबर आणतोय." एका तोंडाने दोन्ही! माझ्या हवालदाराने पडद्याकडे बघून हळूच कानाला हात लावला. त्या दिवसानंतर त्याने साडूला शिव्या घातल्याचं मी ऐकलं नाही.

मॅडमचा जबाब महिला कॉन्स्टेबलसमोर घेतला.

"किल्ली कुठं ठेवली होती?"

"पर्समध्ये."

"काल दुपारी कुठं होतात?"

"कळस गावाला. पॉलिसी करायला गेले होते. संध्याकाळपर्यंत दोन आणाच, असा निरोप होता."

"पर्स बरोबर होती?"

"हो... नाही, किल्ली ड्रॉवरमध्ये होती."

माझा अनुभव सांगतो. सराईत माणूस एकच खोटं सांगतो आणि त्याला चिकटून राहतो. ज्याला खोट्याची सवय नाही, तो दोन उत्तरं देतो. मी हरप्रकारे विचारलं. त्या एकच वाक्य घोकत राहिल्या, "चूक माझीच आहे. माझ्याकडूनच हरवली." बोटं सारखी ओढणीचं टोक पिळत होती.

बाहेर त्यांचे वडील बसले होते. जळोचीला थोडं बागायत, भाजीपाला करून मंडईत विकणारा माणूस. उठून हात जोडले.

"साहेब, पोरगी कालधरनं पान्याचा घोट घेत न्हाय. 'आबा, नोकरी गेली तर मी तोंड दाखवनार न्हाय' म्हनती. भाजी इकून शिकिवलं तिला. पर आता आमाला बँक नको, साहेब. पोरगी पायजे."

"आबा, घाबरू नका," मी म्हटलं. पण घाबरलो मीच होतो. नोकरी गेली म्हणून माणूस काय करून बसतो, त्याचे पंचनामे मी केलेत. महिला कॉन्स्टेबलला सांगितलं, "ताईंना क्षणभर एकटं सोडू नको. काही बोलल्या नाहीत तरी बसून राहा."

भाऊसाहेबांचा जबाब मात्र गोड झाला. त्यांनीच माझ्यासाठी चहा मागवला.

"पोर गुणाची आहे हो, साहेब. मीच तिला काम शिकवलं. आली तेव्हा नोटांचं बंडल धड बांधता येत नव्हतं. पण जरा धांदरट. वर चढायची घाई फार."

कुणी कुणाची तारीफ करायला लागला की मी 'पण'ची वाट बघतो. खरं जे असतं ते त्या 'पण'च्या पुढे असतं. तरी नुसत्या 'पण'वर कुणाला धरता येत नाही. फोन कुणी केला ते काढायचं, तर वरून परवानगी, कंपनीचं उत्तर, सगळ्याला आठवडा. माझ्याकडे उद्यापर्यंतचा वेळ होता.

म्हणून मी कळसला गेलो. मॅडम खरंच तिथे होत्या का, एवढंच तपासायला. ज्या घरी पॉलिसी झाली, तिथे भाजी-डाळिंबाची शेती. घरधनीण ओसरीवर मिरच्या निवडत होती.

"व्हय, मॅडम हितंच हुत्या की. दुपारपास्नं दिवस कलंस्तवर. गोड पोरगी. चा घेतला, माझ्या पोरीशी बोलली, मंग पॉलिशी केली आमी."

"मधे कुठं गेल्या नाहीत?"

"न्हाय बा. हितनं हलल्या न्हाईत. उलट मीच त्यान्ला म्हनलं, मॅडम, आमच्या जाऊबाईचं काम तेवढं झटक्यात करता, आन माझी मोहनमाळ बँकंत पडलीया ती पडलीया." बाईंनी मान शेजारच्या घराकडे उडवली. "मॅडम हितं बसलेल्या, आन तवाच ही भवानी बँकंतनं पाटल्या सोडवून आली. अख्ख्या वस्तीला हात दाखवत फिरली. जनू आमी कदी सोनंच बघितलं न्हाय!"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, त्या निवडत होत्या त्या नव्हेत, जाऊबाईच्या. मी हसणार होतो. आणि एकदम थांबलो.

तिथूनच मॅनेजरना फोन लावला. "तारण सोनं कुठं ठेवता?"

"तिजोरीत."

"काल दुपारी तुम्ही शाखेत होता?"

"नाही साहेब, मी बारामतीला मीटिंगला होतो."

"मॅडम कळसला होत्या. मग काल दुपारी तिजोरीतून पाटल्या कुणी काढल्या? आणि किती किल्ल्यांनी?"

मॅनेजर म्हणाले, "अरे देवा."

शेजारच्या जाऊबाईंनी हौसेने हात पुढे करून पाटल्या दाखवल्या आणि सांगितलं, "भाऊसाहेबांनी दिल्या की. लई चांगला मानूस. येकटेच हुते, तरी थांबवलं न्हाई."

ठाण्यात आल्यावर मी भाऊसाहेबांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, "कळसच्या बाई पाटल्या फार छान दिसतात म्हणाल्या. तुमचे आभार मानलेत."

माणूस कोसळताना आवाज होत नाही. खांदे तेवढे खाली येतात. भाऊसाहेबांनी पँटच्या खिशात हात घातला आणि साखळी टेबलावर ठेवली. एका साखळीत दोन्ही किल्ल्या होत्या.

"मॅडम फिल्डवर जायच्या, तेव्हा किल्ली माझ्याकडंच देऊन जायच्या," ते म्हणाले. "दोन-तीन महिने चाललंय. गिऱ्हाईक थांबायला नको म्हणून. काल परत आल्यावर मागितली, तर म्हटलं, तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पोर सगळं टेबल उपसत बसली. मग मीच सांगितलं, माझ्या हातात दिली होती म्हणून बोलू नका, दोघंही घरी बसू. तुमच्याकडून हरवली म्हणा. ऐकलं तिनं. माझं सगळं ऐकते ती."

"आणि सकाळचा फोन?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"का, भाऊसाहेब? तुम्हाला सोनं नको, रोकड नको."

आतापर्यंत ते कचेरीतलं बोलत होते. आता गावाकडचं आलं.

"काय बी नको हुतं, साहेब. मला तिची जागा बी नको. उभी नोकरी ह्याच शाखेत घालवली, एक नोट कधी कमी पडली न्हाय. आन रोज सकाळी त्यो पडदा. वर ती, खाली मी. घरी गेलो की बायकू इचारती, आज काय म्हनलं साहेब? जेवान जात न्हाय. मला फक्त एकदा तिचं नाव खाली आल्यालं बघायचं हुतं. एकच सकाळ."

"किल्ली फेकून का नाही दिली?"

"कालव्याच्या पुलावर गेलतो. हात वर झाला न्हाय. बँकंची किल्ली कशी फेकायची, साहेब?"

मला राग आला होता, तो राहिला. पण त्या वाक्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. पंचनामा केला, किल्ली जप्त दाखवली. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, तेव्हा माझा अहवाल मॅनेजरच्या टेबलावर होता. भाऊसाहेबांची चौकशी लागली, ते घरी बसले. मॅडमना किल्ली दुसऱ्याकडे दिल्याबद्दल मेमो मिळाला, पण निलंबन टळलं. नोकरी राहिली.

मी मॅडमना आणि आबांना ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. आबा तिथेच बाकावर बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडले. "देव पावला," एवढंच म्हणत राहिले. मॅडमना आधी पटेना. "भाऊसाहेब? नाही हो, साहेब. मला बंडल बांधायला त्यांनीच शिकवलं." मग त्याही रडल्या. महिला कॉन्स्टेबलने पाणी दिलं, ते त्या घटाघट प्यायल्या. मला बरं वाटलं. चला, पोर वाचली.

डोळे पुसून त्यांनी मोबाइल काढला. मला वाटलं, आईला कळवतायत. त्यांनी बँकेचा ग्रुप उघडला, बोटाने यादी वर-खाली केली आणि चेहरा उतरला.

"दोन दिवस काहीच झालं नाही माझं," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या शाखेतली ती पुढं गेली बघा, साहेब. तिचा नवरा डॉक्टर आहे, पेशंटच्याच पॉलिसी काढते ती. त्यात कसली आलीय हुशारी?"

आबा लेकीकडे बघतच राहिले. मीही बघत राहिलो. तो आवाज मी ठाण्यात आदल्याच दिवशी ऐकला होता, फक्त माणूस दुसरा होता.

मत्सर माणसाच्या रक्तात असतो, असं मी नोकरीभर मानत आलो. जावांना पाटल्या सलतात, हवालदाराला साडू सलतो, तेवढं चालायचंच. त्यात कुणाचा जीव जात नाही. पण इथे कुणीतरी पगार घेऊन तो रोज सकाळी पेरत होतं, दोन चांगल्या माणसांच्या पोटात, आणि त्याला कामाची पद्धत म्हणत होतं. भाऊसाहेबांना मी पकडलं, ते माझं कामच होतं. ती यादी मात्र दुसऱ्या दिवशीही वेळेवर लागली, आणि तिच्यावर गुन्हा दाखल करायला माझ्याकडे कुठलं कलम नव्हतं.