आधी थोरले, मग सोफे

त्या दुकानात चहासुद्धा वयाप्रमाणे प्यायला जायचा. पहिला घोट थोरल्यांचा. थोरले कप समोर ठेवून फोनवर गप्पा हाणत बसले असतील, तर बाकीच्यांनी आपापल्या कपावर धरणारी साय बघत बसायचं. थोरले प्यायले की धाकटा भाऊ, आणि मग निवलेला चहा धाकटीला. धाकटी म्हणजे या धाकट्या भावाची बायको. घरात मोठ्यांना मान द्यावा याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण मान आणि गार चहा यांचा संबंध तिला कधी कळला नाही.

दुकान सोफे-खुर्च्या दुरुस्त करण्याचं. आत फोमचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, आणि जमिनीवर इतके खिळे की अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही. शटरपाशी टेबल, टेबलावर दुकानाचा फोन आणि टेबलामागे थोरले. थोरल्यांचं काम वेताचं, असं थोरले सांगायचे. त्यांचे वडील वेताच्या खुर्च्या विणण्यात नावाजलेले होते हे खरं, आणि थोरले त्या वडिलांचे चिरंजीव होते हेही खरं. यापलीकडे त्यांच्या कारागिरीचा पुरावा म्हणजे एक अर्धी विणलेली खुर्ची. गिऱ्हाईक आलं की ते ती मांडीवर ओढायचे, गिऱ्हाईक वळलं की बाजूला सारायचे. धाकटी लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा त्या खुर्चीच्या बैठकीला जेवढं भोक होतं, तेवढंच अजूनही होतं.

धाकट्याचं काम सोफ्याला नवं कापड चढवण्याचं. हात चांगला, तोंड बंद. थोरले काहीही बोलले तरी हा दातांत धरलेल्या खिळ्यांच्या आडून नुसतं "हं" म्हणायचा. बायकोने घरी विषय काढला तर म्हणायचा, "ऐकून घे गं, मोठे आहेत." तो आपल्या बाजूचा आहे, फक्त बोलत नाही, अशी धाकटीने स्वतःची समजूत घातली होती.

धाकटी स्वतः लग्नाआधी एका छोट्या ऑफिसात लोकांच्या वेबसाइट बनवायची. ते ऑफिस बंद पडल्यावर ती दुकानात आली, आणि पुढची कित्येक वर्षं थोरल्या जाऊबाईंच्या नजरेखाली उशांत फोमचे तुकडे भरत बसली. केसांत फोम, नाकात फोम, डब्यातल्या भाजीतही फोम. शेवटी साठवलेल्या पैशांतून तिने सोफे धुवायचं मशीन घेतलं, पाणी फवारून लगेच शोषून घेणारं, आणि लोकांच्या घरी जाऊन डाग काढायला लागली. पोरांनी सांडलेलं, कुत्र्याने केलेलं, पाहुण्यांनी ओतून उशीखाली झाकलेलं. ते मळकं पाणी टाकीत चढताना बघून तिला जे समाधान व्हायचं, ते उशा भरताना एकदाही झालं नव्हतं.

थोरल्यांना या कामाची लाज वाटायची. "आपण कारागीर माणसं. लोकांची घाण काय काढत हिंडायचं?" एक दिवस त्यांनी फर्मान काढलं. मशीनने दुकानाचा कोपरा अडतो. या सुट्ट्यांच्या दिवसांत पुरेसं काम आलं तर ठीक, नाही तर ते धूड विकून टाकायचं. घेणारा माणूस त्यांनी बघूनही ठेवला होता. धाकटीने मग परत उशांवर बसायचं. पुरेसं म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. ठरवणारे थोरले, मोजणारे थोरले, आणि फोन उचलणारेही थोरलेच.

ते फोनवर कसं बोलायचे ते धाकटी रोज ऐकत होती.

"सोफ्यावर डाग पडलाय, धुऊन मिळेल का?" पलीकडून कुणी विचारायचं.

"डागाचं सोडा हो. वेताची खुर्ची आहे का तुमच्याकडे?" थोरले म्हणायचे.

नसायची. आजकाल कुणाकडे असते?

दुकानाची वेबसाइटही अशीच. 'आमच्या सेवा' या पानावर सगळ्यात वर थोरल्यांचा फोटो, हनुवटीला बोट लावलेला, जणू विचार चालू आहे. त्याखाली थोरल्यांनीच सांगून लिहून घेतलेला मजकूर: अखंड परंपरा, कलेची उपासना, ग्राहकांच्या स्वप्नांना आकार. एवढं वाचून माणसाला वाटावं हे नाटक बसवतात की पतसंस्था चालवतात. खाली, खूप खाली, बोट दुखेपर्यंत सरकवल्यावर 'इतर कामे' असं लिहिलं होतं, आणि त्या दोन शब्दांत सोफ्याचं कापड आणि सोफ्याची धुलाई दोन्ही कोंबलेली होती. डाग पडलेला माणूस घाईत असतो. तो एवढं खोल उतरत नाही.

हे पान धाकटीने नव्याने करायला घेतलं. काम तिच्या हातातलं होतं. लोक जे शब्द बोलतात तेच मथळ्यात घातले: 'सोफ्यावरचे डाग काढतो'. त्याखाली एका सोफ्याचा फोटो, अर्धा मळका, अर्धा धुतलेला. मग गिऱ्हाईक विचारतं त्याच प्रश्नांची साधी उत्तरं. घरी येता का, किती वेळ लागतो, बसायला कधी मिळेल, कुठले डाग निघत नाहीत. शेवटचं तर तिने मुद्दाम ठळक केलं, कारण जो काय होणार नाही ते आधी सांगतो, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. त्याखाली फोनचं बटण. नवऱ्याच्या कामालाही तसाच स्वतंत्र भाग दिला, आणि वेतकाम तिसरं ठेवलं.

थोरल्यांनी पान बघितलं आणि मोबाइल टेबलावर उपडा ठेवला.

"तिसरा?" ते म्हणाले.

"दादा, लोक जे जास्त शोधतात ते वर ठेवायचं असतं."

"लोक काहीही शोधतील. घरात जशी रीत आहे तशी पानावर. आधी मी, मग हा, मग तू."

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याच्या तोंडात खिळे होते.

तेव्हा आधी थोरले. पण धाकटीच्या अंगात एक खोड होती, वाईट काम तिला करताच यायचं नाही. पहिलं तर पहिलं, ते नीट व्हायला हवं. ती वही-पेन न घेता थोरल्यांसमोर स्टुलावर बसली आणि गिऱ्हाइकासारखे प्रश्न विचारायला लागली. खुर्ची आणून द्यायची का? किती दिवसांत मिळते? जुन्या नक्षीसारखीच विणून मिळते का? थोरले खुलले. त्यांना इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. आठवड्यात देतो म्हणाले. कुठलीही नक्षी म्हणाले. एकावेळी कितीही आणा म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. अर्ध्या खुर्चीचं भोक समोरच होतं, पण धाकटीने विचार केला, मोठा माणूस एवढं छातीठोक सांगतोय, येत असेल. शब्दांची आतषबाजी काढून तिने ते सरळ लिहिलं: 'वेताची फाटलेली बैठक पुन्हा विणून देतो. जुनी नक्षी तशीच. आठवड्यात.' वडिलांनी विणलेल्या एका खुर्चीचा जवळून काढलेला फोटो लावला. पान सुरेख झालं.

इतकं सुरेख झालं की त्याने काम आणलं. एका वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे वेताच्या खुर्च्या होत्या, सगळ्यांच्या बैठका फाटलेल्या, आणि हे काम कुणी करतं का म्हणून त्या बरेच दिवस शोधत होत्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून खुर्च्या आल्या. दुकानात चालायला वाट उरली नाही. थोरले टेम्पोवाल्याशी अशा आवाजात बोलले की समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जावं.

मग नाचता येईना, अंगण वाकडं. आधी वेत हलका निघाला. दुसरा मागवला तर तो नीट भिजला नव्हता. भिजवला तर जास्त भिजला. मग हवा दमट, मग उजेड तिरपा, मग जाऊबाईंनी चुकीच्या वेळी हाक मारली. प्रत्येक खुर्चीवर थोरल्यांनी उभ्या पट्ट्या ओढल्या, आडव्या ओढल्या, आणि तिथेच सोडून पुढची खुर्ची घेतली. धाकटी उशांचे गठ्ठे ओलांडता ओलांडता बघत होती. वेताची जाळी होते ती तिरक्या पट्ट्यांनी. त्या घातल्याशिवाय बैठक माणसाचं वजन धरत नाही. आणि तिरकी पट्टी एकाही खुर्चीला नव्हती.

आठवडा उलटून गेल्यावर वाचनालयाच्या बाई आल्या. शांत बाई होत्या. त्यांनी एका खुर्चीच्या बैठकीवर तळवा दाबला. पट्ट्या बाजूला सरकल्या आणि हात आरपार गेला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

थोरल्यांनी धाकटीकडे बोट केलं. "ते हिला विचारा. आठवड्यात म्हणून हिनं लिहिलंय. आजकालच्या पोरींना वाटतं, कॉम्प्युटरवर लिहिलं की झालं."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ती पुढे आली, तीच खुर्ची उचलून थोरल्यांच्या मांडीवर ठेवली आणि वेताची ओली पट्टी त्यांच्या हातात दिली.

"दादा, एक तिरकी घालून दाखवा," ती म्हणाली. "एकच. मग चूक माझी."

थोरल्यांनी पट्टी घेतली. एका भोकातून आत घातली, वर काढली, परत आत घातली. ती चुकीच्या पट्टीखालून निघाली. त्यांनी ती ओढून काढली. नवरा हातोडी धरून उभा होता. बाई बघत होत्या. थोरल्यांचं कपाळ घामाने चमकायला लागलं.

"तिरक्या वडील घालायचे," ते शेवटी म्हणाले. "मी त्यांना उभ्या-आडव्या करून द्यायचो."

म्हणजे वडील गेल्यापासून त्या दुकानातून वेताची एकही खुर्ची पुरी होऊन गेली नव्हती. आणि तेवढ्यावर हा माणूस इतकी वर्षं पहिला चहा पीत होता. बाईंनी खुर्च्या परत नेल्या. धाकटीला वाटलं होतं, आपल्याला थोरल्यांची दया येईल. आली नाही.

त्या दिवसापासून थोरले टेबलाच्या कडेच्या स्टुलावर बसायला लागले. वेतकाम पानावरून काढायचं ठरलं. धाकटीने लॅपटॉप उघडला, आपला धुलाईचा भाग धरून वर ओढायला लागली, तर नवरा मागे येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडात खिळे नव्हते.

"आधी माझं घे," तो म्हणाला.

"डागांसाठी लोक जास्त येतात. तुम्हाला माहीत आहे."

"आहे ना. पण घरची रीत आहे. दादांनंतर मी. तुझं तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलंच की." मग टेबलामागच्या खुर्चीत बसत तो म्हणाला, "आणि माझा एक फोटो टाक. मशीनचं म्हणशील तर बघू. पुरेसं काम आलं तर ठेवू."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. थोरल्यांचा तिला असा राग कधी आला नव्हता. थोरल्यांकडून तिने कसली अपेक्षाच केली नव्हती. हा मात्र सगळं बघत होता, रोज बघत होता, आणि ती समजत होती की तो गप्प आहे. तो गप्प नव्हता, रांगेत उभा होता.

ती भांडली नाही. नवऱ्याचं काम वर घेतलं, त्याचा फोटो टाकला, त्याने सांगितलेली 'विश्वास आणि जिव्हाळा' ही ओळसुद्धा जशीच्या तशी घातली. मग आपला सगळा भाग उचलून दुकानाच्या पानावरून काढून टाकला. त्याच आठवड्यात मशीन टेम्पोत घालून घरच्या गॅलरीत नेलं. कोपरा मोकळा होतोय म्हणून नवऱ्याने टेम्पोत चढवायला हातही लावला.

काम यायला लागलं, आणि त्यातलं निम्मं कुणी पाठवलं असेल तर थोरल्यांनी. धाकटा कुणाकडे मापं घ्यायला गेला की फोन स्टुलावरच्या थोरल्यांच्या हातात यायचा. डागाबद्दल विचारणाऱ्याला ते मुकाट्याने धाकटीचा नंबर द्यायचे. कापड बदलायचं का म्हणून विचारणाऱ्यालाही म्हणायचे, "कापड कशाला बदलता? आधी धुऊन बघा." यात धाकटीवरची माया नव्हती. आपल्या खुर्चीत धाकटा बसलेला त्यांना बघवत नव्हता. धाकटीला हे पुरतं कळत होतं, आणि ती प्रत्येक पत्त्यावर मशीन घेऊन वेळेवर जात होती.

एका गिऱ्हाइकाने धाकट्याला तोंडावर सांगितलं, की तुमच्या मिसेसनी सोफा असा धुतला, आता कापड नको. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा धाकटी गॅलरीत मशीनचा पाइप पुसत होती.

"दुकानाच्या पानावर तुझं काम दिसत नाही," तो म्हणाला.

"काढलं."

"मग लोकांना कळतं कसं?"

"माझं पान वेगळं आहे."

त्याने मोबाइल काढला आणि ते पान शोधलं. वरून खालपर्यंत गेला, परत वर आला, पुन्हा एकदा सावकाश खाली गेला. पान लहानच होतं, त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

"यात मी कितवा आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही यात नाही," धाकटी म्हणाली, आणि टाकीतलं मळकं पाणी ओतायला मोरीकडे गेली.