नारळ आणि कोरडी विहीर

सन १९७२. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण वाडीत माझ्या शब्दाला वजन होतं, कारण मी पाणी बघायचो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. माझ्या हातात तो राहायचा. बऱ्याच विहिरींना पाणी लागलंही होतं.

त्या दुष्काळात मी आमच्या घरामागं, उंबरापाशी जागा दाखवली. बाकीचे लोक गुरं घेऊन घोडेगावकडच्या छावणीत गेले. अकरा घरं माझ्या शब्दावर थांबली. तीन महिने खांदलं. सहा पुरुष, म्हणजे सहा माणसांच्या उंचीइतके खोल गेलो, सुरुंगाचा धूर निघायचा, ओल न्हाई. चुलत्याच्या दोन म्हशींतली एक बसली ती उठलीच न्हाई.

धाकटा भाऊ नगरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होता. सुट्टीत आला, विहिरीत डोकावला आणि उंबराकडं बघत बसला.

"दादा, नारळ उठायच्या आधी तू काय बघतोस?"

"काय बघनार? देव आठवतो."

"न्हाई, तू झाड बघतोस. हा उंबर आपल्या न्हाणीच्या पान्यावर हिरवा हाय."

"लई शिकलास, मास्तर. आता आईला चूल पेटवायला शिकव."

"डोळं बांधून चाल. एकदाच."

लहानपणापासून तो असाच. आजारी करडं दोन, तर देवीचा अंगारा त्यानं एकालाच लावून बघितला होता. दोन्ही मेली. वडिलांनी त्याला चाबकानं फोडला, तरी म्हणायचा, अंगाऱ्यानं काही होत न्हाई, हे आता कळलं तरी.

मी कुणाचं ऐकणारा नव्हे. पण खरं लिहितो, विहिरीला पाणी लागणारच न्हाई याचं मला भ्या वाटत होतं, म्हणून तयार झालो. दिवस मावळायच्या आत त्यानं माझ्याच फेट्यानं माझे डोळे बांधले आणि दंड धरून फिरवलं. नारळ उठेल तिथं तो दगड ठेवत होता. डोळे सोडले. एक दगड उघड्या खडकावर. एक खळ्यात. विहिरीच्या काठानं त्यानं मला तीनदा नेलं होतं. तिथं एकही दगड नव्हता.

"मी सोंग करत न्हाई रं," मी म्हणालो.

"मला ठावं हाय, दादा. त्याचंच तर भ्या वाटतं."

पुढं तो प्राध्यापक झाला. माणूस दुसऱ्याला फसवायच्या आधी स्वतः फसलेला असतो, हे त्यानं जन्मभर शिकवलं. शिकलेले लोक म्हणतात, हे बुकातनं आलं. मी म्हणतो, आमच्या विहिरीतनं आलं. आणि त्या इचारानंच त्याची वाडी तुटली. नारळावरचा विश्वास त्यानं मोडला म्हणून त्या अकरा घरांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं न्हाई. तो चुकला नव्हता. मी हे आज लिहितो.

डोळे बांधून चाललो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टिकाव घेऊन जमले. मी चुलत्याला म्हणालो, "तात्या, हितं पानी हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. कधीच ठावं नव्हतं."

चुलत्यानं टिकाव खाली टाकला. "तीन म्हैनं, आँ? आधी बोलला असतास तर म्हैस तरी वाचली असती."

मी नारळ विहिरीत टाकला. तात्याची उरलेली म्हैस सोडली, दावं हातात धरलं आणि सगळ्यांच्या पुढं छावणीच्या वाटेला लागलो.